पाय दाखवा

संध्या मॅडमच्या कराटेच्या वर्गात पहिल्या दिवशी ठोसा शिकवत नाहीत, लाथही शिकवत नाहीत. पहिल्या दिवशी पाय दाखवायला शिकवतात. कनेरगाव नाक्यावरच्या पोरी संध्याकाळी संतराम आबांच्या खळ्याच्या कठड्यावर ओळीनं बसतात, तळवे पुढं करतात, आणि मॅडम एकेकीपुढं उकिडव्या बसून पाहणी करतात. बोटांची बेचकी फाकवून बघायची, टाचेवरून अंगठा फिरवायचा, चवडा दाबायचा. सगळं ठीक असलं तर मॅडम म्हणणार, "बराबर." हा शब्द कानावर पडला तरच खळ्यावर पाऊल टाकायचं. नाही पडला तर त्या दिवशी कठड्यावर बसून नुसतं बघत राहायचं. मग रडा नाहीतर रुसा, मॅडमवर त्याचा काडीचा परिणाम होत नाही.

याचं कारण ते खळं. संतराम आबांची हळद शिजली की याच सिमेंटवर वाळत पडते. हळद उचलली की खळं मोकळं होतं, आणि आबांची नात प्रतिक्षा वर्गात आहे म्हणून ते पोरींना मिळतं. पण सिमेंट किती झालं तरी सिमेंट. चवड्यावर गिरकी घेतली की पायाचं साल सोलून निघतं, अंगठ्याखाली चीर जाते, टाचेला फोड येतो. शिवाय कितीही झाडा, खळ्याचा पिवळेपणा जात नाही. वर्गातल्या साऱ्या पोरींचे तळवे लग्नातल्या नवरीसारखे पिवळे.

आणि हळदीवरून मॅडमचं गावातल्या समस्त आयांशी वाकडं. पोरगी पाय सोलून घरी गेली की आई डब्यातली चिमूटभर हळद जखमेत दाबणार, हे ठरलेलं. मॅडम दुसऱ्या दिवशी ती साबणाच्या पाण्यानं धुऊन काढायच्या आणि वर बोलणी द्यायच्या. पिवळ्याखाली लाली दिसत नाही, मग जखम चिघळतेय की भरतेय हे कळणार कसं, असं त्यांचं म्हणणं. फोडाची कातडी ओढून काढायची नाही, तीच खालच्या ओल्या जागेवरचं झाकण असते. धुवायचं, टिपून कोरडं करायचं, वर स्वच्छ पट्टी. भेगा पडल्या तर झोपताना व्हॅसलिन आणि मोजे. एवढी साधी गोष्ट गावाच्या गळी उतरवायला मॅडमचा जन्म गेला म्हणायचा.

वर्गाचा आणखी एक नियम होता. मॅडमच्या पाया पडायचं नाही. संध्या बुद्धविहाराच्या संस्कारात वाढलेली बाई. माणसानं माणसाच्या पायावर डोकं ठेवू नये हे तिला लहानपणापासून शिकवलेलं, आणि ते तिला मनापासून पटलेलंही. कमरेतून वाकून नमस्कार करा, बस झालं. त्यामुळं एक गोष्ट अशी घडली की जी बाई सगळ्या पोरींचे पाय रोज हातात घ्यायची, तिच्या पायांकडं कोणी कधी वाकून बघितलंच नाही.

संध्या चाळिशी ओलांडलेली. नवरा प्रमोद नाक्यावर विहिरीच्या मोटारी वाइंडिंग करून देतो. ती दिवसा शिलाई मशीन चालवते आणि संध्याकाळी वर्ग घेते. कराटे ती हिंगोलीत शिकली, कॉलेजात असताना, मुरमाड मैदानावर. तिथल्या सरांनी सांगितलं होतं की पाय आधी कुरकुर करतात, मग गप्प होतात, आणि गप्प झाले की समजायचं तळवे तयार झाले. संध्याच्या मनात हे पक्कं बसलं. तिच्या दोन्ही चवड्यांवर जाडजूड घट्टे होते आणि तिला त्यांचा अभिमान होता, हे इथं लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

गेली दोन-तीन वर्षं तिचे पाय फारच गप्प झाले होते. मशीनच्या पायट्यावर पाऊल आहे की सरकलं हे खाली बघितल्याशिवाय कळायचं नाही. ती म्हणायची, तळवे तयार झाले. काही वेळा पायात मुंग्या यायच्या, रात्री पाय पेटल्यासारखे व्हायचे. ती म्हणायची, दिवसभराची दगदग. माणसाला स्वतःची समजूत घालायची असली की कारणांचा तुटवडा नसतो.

मग मार्चमधली ती दुपार आली. संध्या वाशीम रस्ता ओलांडून ढाब्याजवळून चालली होती. ढाब्यावर भाकरी थापणाऱ्या पारुबाईनं हाक मारली, "संध्या, एक चप्पल कुटं टाकली गं?"

तिनं खाली बघितलं. डावा पाय उघडा होता. चप्पल मागं भर रस्त्यात पडली होती, तिच्यावरून ट्रक जाऊन ती चपटी झाली होती. तापलेल्या डांबरावरून ती एवढी चालत आली आणि पायाला पत्ता नव्हता. पारुबाई हसली. संध्या मात्र हसली नाही, कारण हे तिनं याआधी एकदा पाहिलं होतं.

तिचे वडील जळबा सेनगावात हमाली करायचे. एकदा ते बाजारातून घरी आले ते एका पायात चप्पल घालून. आई जनकाबाईनं विचारलं तेव्हा त्यांनी खाली बघितलं आणि स्वतःच हसत सुटले. सगळं घर हसलं होतं. त्यानंतर वर्षाच्या आत अंगठा काळा पडला. अंगठा काढायला म्हणून ते दवाखान्यात गेले, तर घोट्यापर्यंत पाऊल गेलं, मग पुन्हा नेलं आणि गुडघा गेला. साखरेनं पाय खाल्ला, असं लोक म्हणायचे. संध्या तेव्हा बारावीला होती. ज्या खोलीत ते पडून असायचे तिथला वास तिच्या नाकातून अजून गेला नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, एवढं ठाऊक असलेली बाई दुसऱ्या दिवशी रक्त तपासायला धावली असेल. नाही धावली. तपासलं की निघणार, आणि निघालं की कापणार, असा तिच्या मनातल्या भीतीचा सरळ हिशेब होता. न तपासता राहिलं तर निदान आजचा दिवस तरी दोन पायांवर जाईल. तिनं नवी चप्पल घेतली, मागं पट्टा असलेली, आणि प्रमोदला सांगितलं की जुनी तुटली.

मे महिन्यात बेल्टची परीक्षा जवळ आली. एके दिवशी संतराम आबांची हळद संध्याकाळी टेंपोत भरायची होती, खळं लागणार होतं. म्हणून मॅडमनी वर्ग दुपारीच बोलावला. ऊन कललं होतं, पण सिमेंट दिवसभराचं भाजलेलं होतं. पोरींनी पाऊल टाकलं की उचललं, टाकलं की उचललं. तव्यावरच्या दाण्यासारख्या सगळ्या उड्या मारायला लागल्या. संध्या मध्यभागी गुडघे वाकवून बसक्या पवित्र्यात स्थिर उभी राहिली आणि त्यांना म्हणाली, बघा, सराव म्हणतात तो याला. पोरी कौतुकानं बघत राहिल्या. एक पळत जाऊन बादलीभर पाणी आणून शिंपडू लागली तेव्हा कुठं वर्ग सुरू झाला.

संध्या दोन पावलं पुढं सरकली. जिथं ती उभी होती तिथं, पाणी अजून न पोचलेल्या कोरड्या पिवळ्या सिमेंटवर, एक ओलं पाऊल उमटलं होतं. प्रतिक्षा पहिल्या ओळीत होती. नववीतली, बारीक चणीची, जरुरीपेक्षा जास्त बघणारी पोरगी. ती म्हणाली, "मॅडम, तुमचं पाऊल ओलं उमटून राहिलं."

"पाण्यातून आले," संध्या म्हणाली.

पाणी दुसऱ्या टोकाला होतं. प्रतिक्षानं तिकडं बघितलं, मग पावलाकडं.

घरी येऊन संध्यानं मोरीचं दार लावलं आणि प्रमोदचा दाढीचा आरसा खाली धरून तळवा बघितला. चवड्याभोवती भाजल्याचे फोड येऊन फुटले होते. पण तिची नजर खिळली ती त्यामुळं नाही. ज्या घट्ट्याचा तिला एवढा अभिमान होता त्याच्या मधोमध एक काळा ठिपका होता, भोवती कातडी मऊ, पांढरट. ठिपका आजचा नव्हता. तिनं नखानं दाबला. काहीच लागलं नाही. दाबल्यावर कडेनं पातळ पिवळं काहीतरी आलं. पोरींच्या पायावर असं दिसलं असतं तर तिनं गाव डोक्यावर घेतलं असतं. पण आता तिनं आरसा उपडा करून खाली ठेवला.

तिनं जखम धुतली. आणि मग, जिनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या आयांना बोल लावला त्या बाईनं, स्वयंपाकघरातला डबा उघडला आणि मूठभर हळद त्या जागेवर दाबून बसवली. बरं व्हावं म्हणून नव्हे. दिसू नये म्हणून. वर फडकं, वर मोजे.

मेच्या उकाड्यात बाई घरात मोजे घालून हिंडू लागली. प्रमोदनं विचारलं तर म्हणाली, भेगांना व्हॅसलिन लावलंय. वर्गात ती मोजे घालूनच उभी राहू लागली, लाथ मारून दाखवायची असली की प्रतिक्षाला पुढं बोलावू लागली. दिवसातून कितीतरी वेळा ती मोरीत जाऊन आरशात बघायची. हळदीमुळं काही कळायचं नाही, आणि हळद धुवायचा धीर व्हायचा नाही. शिलाई करताना मध्येच वाटायचं, पाय घोट्यापासून संपलाय, खाली मशीन एकटंच चाललंय. ती वाकून बघायची. पाय असायचा. मग एके सकाळी मोजा काढताना तिला वास आला. किंचितच होता. पण तो कुठल्या खोलीतला आहे हे तिला लगेच कळलं. ती तिथंच फरशीवर बसली आणि तोंडावर पदर दाबून रडली. त्या दिवशी अंगात बारीक कणकण होती. तरी संध्याकाळी ती वर्गाला गेली, कारण घरी थांबली तर प्रमोद कारण विचारणार.

पोरी कठड्यावर बसल्या होत्या. संध्या एकेकीचे पाय बघत गेली. बराबर. बराबर. प्रतिक्षापाशी आली तर पोरीनं डावी टाच जमिनीला टेकवून ठेवलेली. संध्यानं पाय ओढला. टाचेवर फुटलेला फोड आणि त्यात गच्च भरलेली हळद.

संध्याचा पारा चढला. परीक्षा तोंडावर, आणि सगळ्यात शहाण्या पोरीनं हे करावं? ती म्हणाली, "काहून लपवलंस?"

प्रतिक्षानं मान खाली घातली. "तुमी बसवून ठेवताल म्हून. दाखवलं की वर्ग बंद, म्हून भेव वाटलं."

पोरीचा पाय संध्याच्या हातात तसाच राहिला. प्रतिक्षानं हळूच पाय सोडवून घेतला, खाली उतरली आणि मॅडमसमोर उकिडवी बसली, मॅडम रोज बसतात तशी. आवाज अगदी हलका होता, पण शब्द सगळ्यांना ऐकू आले.

"मॅडम, आता तुमचे दाखवा."

संध्याला नियम आठवला, पाया पडायचं नाही हा. तो आता किती सोयीचा झाला होता हेही त्याच वेळी लक्षात आलं. उठून निघून जाता आलं असतं. रागावता आलं असतं. पण दाखवलं की बंद, ही तिचीच भीती त्या पोरीच्या तोंडून आली होती, आणि उद्यापासून ही पोरगी प्रत्येक जखम अशीच दाबून ठेवणार हे तिला लख्ख दिसलं. संध्या कठड्यावर बसली. मोजा काढला. फडकं सोडलं.

कोणी नाक मुरडलं नाही. एक लहान पोरगी मात्र रडायला लागली. प्रतिक्षा पाण्यानं हळद धुवत गेली आणि पिवळ्याखालून लाल निघत गेलं, घोट्यापर्यंत. "आबा," तिनं खळ्याच्या पलीकडं हाक दिली, "जीप काढा. मॅडमला हिंगोलीला न्यायचंय, आत्ताच."

रस्ताभर संध्या एकच विचार करत होती, की जाताना तिला दोन पाय आहेत, परत येताना असतील का. संतराम आबा खड्डा आला की जीप हळू करायचे. नाक्यावरून घेतलेला प्रमोद शेजारी बसला होता, त्यानं तिचा हात घट्ट धरला होता आणि मोजे, चप्पल, व्हॅसलिन असं सगळं त्याला आता एकामागून एक उमगत होतं. तो रागावला नाही. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

दवाखान्यात साखर मोजली आणि नर्सनं आकडा दोनदा तपासला. डॉक्टर तरुण होत्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी घट्टा ब्लेडनं खरवडायला सुरुवात केली तेव्हा विचारलं, दुखतंय का. संध्या नाही म्हणाली. घट्ट्याखाली पोकळी होती, पुवानं भरलेली. डॉक्टर म्हणाल्या की घट्टा ही ताकद नव्हे, एकाच जागी पडणारा दाब असतो, आणि आतली जखम तो झाकून बसतो. दुखलं असतं तर ती महिनाभर आधीच आली असती. आता हाडापर्यंत गेलंय का, ते एक्स-रेच्या फोटोत बघायचं.

फोटो येईपर्यंत संध्या बाकावर बसली होती. आयुष्यात तिनं पुष्कळ मारामाऱ्या केल्या, स्पर्धेत नाक फोडून घेतलं, पण असली भीती तिला ठाऊक नव्हती. समोरून स्ट्रेचर गेलं की ती चादरीखाली दोन पाय आहेत का ते बघायची. प्रमोदचा निरोप मिळून सेनगावहून तिची आई जनकाबाई जीपनं येऊन पोचली, लेकीशेजारी बसली आणि तिचा चांगला पाय मांडीवर घेतला. म्हातारी बराच वेळ नुसती पायावरून हात फिरवत राहिली.

मग म्हणाली, "तुजा बाप बी दावत नव्हता मला. झोपला की मी चोरून बघायची. बघून बी गप राह्यली, त्याला राग येईल म्हून." पायावरचा हात न काढता म्हणाली, "त्या पोरीवर रागावू नको, माय. ती गप न्हाई राह्यली."

हाडापर्यंत गेलं नव्हतं. जेमतेम थांबलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, अजून आठवडाभर हळदीखाली राहिलं असतं तर मी वेगळं बोलले असते. सगळी मेलेली कातडी काढली, सलाइनमधून औषधं चालू झाली, आणि पुढं दोन-तीन महिने त्या पायावर भार टाकायचा नाही असं बजावलं. घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही, गरम पाण्यात पाय बुडवायचा नाही, आणि रोज कोणी तरी तळवे बघायचे. संध्यानं विचारलं, पाय पुन्हा जागा होईल का. डॉक्टरांनी खोटा धीर दिला नाही. साखर आवरली तर आहे ते टिकेल, मेलेलं परत येईलच असं नाही, म्हणाल्या.

पावसाळा सरताना वर्ग पुन्हा सुरू झाला, खळ्यावर नव्हे, समाजमंदिराच्या खोलीत. खाली फोमच्या चटया, आणि त्या रोज पुसायच्या, हा नवा नियम. संध्या खुर्चीवर बसून शिकवते, पायात मऊ रबराची जाड चप्पल. गिरकी कशी घ्यायची ते हातानं दाखवते. अनवाणी उभी राहणारी मॅडम संपली, याचं तिला वाईट वाटतं, आणि ते ती पोरींपासून लपवत नाही. लपवण्याची तिला आता धास्तीच बसली आहे.

पाहणी अजून होते. मॅडम सगळ्यांचे पाय बघतात, आणि शेवटी प्रतिक्षा खुर्चीसमोर येऊन बसते. मॅडम डोळे मिटतात. प्रतिक्षा कापसाच्या वातीचं टोक तळव्याला लावते, अंगठ्यापाशी, चवड्यावर, टाचेवर, कधी नुसतीच हवेत धरते, अंदाजानं उत्तर देता येऊ नये म्हणून.

"कळून राहिलं का, मॅडम?"

इथं रोज संध्याला व्हय म्हणावंसं फार वाटतं. एवढ्या पोरी बघत असतात.

"न्हाई," ती म्हणते.

"इथं?"

"न्हाई."

वात घोट्याकडं सरकते. संध्या श्वास धरून वाट बघत राहते. कालच्याच जागेवर, हाडाच्या जरा खाली, अगदी बारीक, मुंगीच्या पावलाएवढं काहीतरी लागतं.

"व्हय. इथं."

प्रतिक्षा वात बाजूला ठेवते. मग दोन्ही पाय हातात घेऊन बोटांची बेचकी फाकवून बघते, भरून आलेली जागा दाबून बघते, नखं बघते. घाई करत नाही, मॅडमनंच तसं शिकवलंय. सगळं बघून झाल्यावर पाय अलगद चप्पलेत ठेवते.

"बराबर," ती म्हणते, आणि संध्या डोळे उघडते.